तळघरातून आलेला सल्ला

१२ जानेवारी

चि. टिल्लू,

अनेक आशीर्वाद. चाळिशीला टेकलेल्या आणि अर्थखात्यात दारावर स्वतःची पाटी असलेल्या माणसाला टिल्लू म्हणू नये, एवढं मला कळतं. पण तुझे आईबाप बदलीच्या गावांना निघाले आणि तुला या बेटावर माझ्याकडे ठेवून गेले, तेव्हा तुझं डोकं माझ्या तिकीटखिडकीच्या फळीपर्यंतही पोचत नव्हतं. नाव त्या दिवशी पडलं. आता ते माझ्याबरोबरच जाईल.

निवृत्ती मला मानवत नाही रे. सकाळची बोट लागायची वेळ झाली की पाय आपोआप धक्क्याकडे वळतात. माझ्या खिडकीत आता एक नवी मुलगी बसते. मी समोर जाऊन उभी राहिले की ती बिचारी घाबरून सुट्टे पैसे पुन्हा पुन्हा मोजते, म्हणून मी हल्ली तिकडे फिरकत नाही. धक्क्यावरच्या चहाघरात जाऊन बसते. आणि बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एक किडा शिरला आहे.

चहाघराचे मालक तोफकाका तुला आठवत असतील. ज्यांनी कानात सांगितलेलं पलीकडच्या किनाऱ्यावर ऐकू जातं, तेच. ते आता मुलीकडे कायमचे राहायला चालले आहेत आणि चहाघर विकायला काढलं आहे. सहा टेबलं, पत्र्याने मढवलेला गल्ला, शिट्टी मारणारा बंब आणि एक मोठी खिडकी, जिच्यातून बोट वळताना दिसते. मला ते घ्यायचं आहे. फंडाचे सगळे पैसे त्यात जातील, उरणार काही नाही.

तू सांगशील तसं करीन असं मी म्हणत नाही, कारण तुझा विश्वास बसायचा नाही. पण तुझं मत मला हवं आहे. आकड्यांत तुला कळतं, माणसांत मला.

तुझी,
आत्या


१७ जानेवारी

प्रिय आत्या,

घे! डोळे मिटून घे!

तुझं पत्र कचेरीत वाचलं आणि एवढ्या मोठ्याने हसलो की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वर पाहिलं. तू आणि तो बंब, तुमचं छान जमेल. दोघांनाही शिट्ट्या मारून माणसं गोळा करायची सवय आहे. धक्क्यावर रोज एवढी माणसं चढतात-उतरतात आणि त्यांतल्या निम्म्यांना तू नावानिशी ओळखतेस. यापेक्षा भक्कम धंदा मला तरी माहीत नाही. जपून राहायचा सल्ला मी दिवसभर सरकारला देतो, तुला देणार नाही. पैसे पेटीत ठेवून ते पिकत नाहीत आणि तू घरात बसून सुखी राहणार नाहीस. तब्येत तुझी माझ्याहून ठणठणीत आहे. घेऊन टाक.

आता माझं. महिनाअखेरीला आम्ही तळघरात जातोय. दरवर्षी विचारतेस, म्हणून पुन्हा सांगतो. केंद्राचा अर्थसंकल्प छापायला गेला की तो ज्यांच्या हातांखालून जातो त्या सगळ्यांना छापखान्यासकट कुलूप. मंत्र्यांचं भाषण संपेपर्यंत बाहेर पडायचं नाही. फोन नाही, भेट नाही. फक्त पत्रं, तीही तपासून. तपासणाऱ्या साहेबांना आम्ही आपसात चाळणी म्हणतो, कारण त्यांच्या हातातून खडा जात नाही. गेल्या वर्षी एकाने बायकोला ‘साखर जपून वापर’ असं लिहिलं. मधुमेहामुळे लिहिलं होतं बिचाऱ्याने, तर चाळणीसाहेबांनी त्या ओळीवर शाई ओतली.

तुला ही थट्टा वाटते, पण त्यात अर्थ आहे. उद्या साबण महागणार हे मला आज कळलं आणि मी ते माझ्या मित्राला सांगितलं, तर तो आजच गोदाम भरेल. पैसे सगळ्या देशाचे आणि फायदा माझ्या मित्राचा. म्हणून कुलूप.

यंदा वातावरण तंग आहे. कर्जाचं व्याजच एवढं झालंय की देशाच्या दर दहा रुपयांतले तीन त्यातच जातात, मग शाळा, रस्ते, फौजफाटा सगळं उरलेल्या सातांत. मंत्र्यांनी कात्री काढली आहे. कुणाच्या अंगरख्याला लागेल हे आम्हालाही शेवटपर्यंत कळत नाही. शेवटचा रकाना वरचे तीन-चार लोक भरतात आणि आम्ही तो छापील कागदावरच पहिल्यांदा बघतो. मला अनुदानांचं प्रकरण तपासायला मिळालं आहे.

पहिला चहा माझा. पैसे देऊन पिणार.

तुझाच,
टिल्लू


३ फेब्रुवारी

चि. टिल्लू,

अनेक आशीर्वाद. आणि हे पत्र आधी वाचणाऱ्या साहेबांना नमस्कार. साहेब, या पत्रात साखर आली तर ती चहातली समजावी.

ठरलं! तोफकाकांना शब्द दिला. पुढच्या शुक्रवारी, तेरा तारखेला, वकिलांकडे सही. तोफकाकांनी ही बातमी ‘अगदी आपल्यातच ठेवू’ म्हणून मला सांगितली, तेव्हा मधल्या प्रवाहात असलेल्या बोटीवरच्या खलाशांनी टोप्या हलवून माझं अभिनंदन केलं.

मी आत्तापासूनच मालकिणीच्या नजरेने बघायला लागले आहे. सकाळच्या बोटीने दवाखान्यातली नर्स येते, तिला उभ्याउभ्या चहा लागतो, म्हणजे गल्ल्याजवळ एक उंच फळी हवी. दोन मास्तर येतात, त्यांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणजे टेबलं दोन टोकांना हवीत. दुपारच्या बोटीला मात्र कुत्रं नसतं, ती वेळ भांडी घासायला. संध्याकाळी पलीकडे कामाला गेलेली सगळी पोरं परत येतात, भुकेने खवळलेली, त्यांच्यासाठी पाव आणि अंडी. त्यांच्यावर दिवसभराचा गल्ला निघेल असं मला वाटतं.

रंग कुठला द्यावा? तोफकाकांचा तो तपकिरी मला बघवत नाही. मी पिवळा म्हणते. तिकडे तळघरात तुम्हाला खिडकी नाही म्हणतोस, म्हणून तुझ्या वाटचा उजेडही मीच लावीन म्हणते भिंतींना.

जेवतोस ना वेळेवर? साहेब, तुम्हीच बघा जरा. हा आकड्यांत शिरला की ताटावर बसून पेन्सिल चावतो.

तुझी,
आत्या


६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. मी ठीक आहे. जेवण बरं असतं, गाद्या पातळ आहेत.

तुझ्या चहाघराचा मी इथे बसून शांतपणे विचार केला. तुझ्या गुडघ्याची मला काळजी वाटते. दिवसभर उभं राहायचं काम आहे ते. पहाटे उठून बंब पेटवायचा, पाणी भरायचं, टेबलं पुसायची. वाफेने डोळ्यांना त्रास होतो असंही मी ऐकलं आहे. तिकीटखिडकीत तू बसून होतीस, ते वेगळं.

शिवाय एवढी घाई कशाला? तोफकाका काही उद्याच निघालेले नाहीत. महिनाअखेरीपर्यंत थांबलीस तर काय बिघडेल? मी तिकडे येतो, दोघं मिळून बघू. फंडाचे सगळे पैसे एका ठिकाणी घालू नयेत असं जाणती माणसं सांगतात.

नुसतं थांब म्हणतोय, नको म्हणत नाही.

तुझाच,
टिल्लू

(पत्राच्या तळाशी वेगळ्या अक्षरात:) तपासले. आक्षेपार्ह मजकूर नाही. गुडघ्यास गरम पाण्याच्या पिशवीचा शेक द्यावा. आमच्या मातोश्रींना गुण आला. — तपासनीस.


९ फेब्रुवारी

चि. टिल्लू,

आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी पोचलं. त्या दिवशी मीही तुला एक पत्र लिहायला घेतलं होतं, ते फाडून टाकलं आणि हे लिहिते आहे.

झालं तुझं गुडघेपुराण सुरू! गेली पाच वर्षं दर पत्रात तू हेच रडगाणं लावलं आहेस. बाग करते म्हटलं, तर गुडघा. बहिणीकडे जाऊन येते म्हटलं, तर गुडघा. चहाघर घेण्याचा विचार मी तुला कळवला, तेव्हाही तू पहिल्यापासून नकोच म्हणत आलास. मला त्याचं नवल नाही, तू लहानपणापासूनच भित्रा. विहिरीत पोहायला शिकवताना कमरेला दोन दोर बांधून घेतले होतेस.

आणि खरं कारण मला कळत नाही असं समजू नकोस. माझ्यामागे फंडाचे पैसे कुणाला मिळायचे? तुलाच ना? मग म्हातारी ते चहात बुडवणार म्हटल्यावर पोटात दुखणारच. दुखू दे. मी शुक्रवारी सही करणार आहे. मला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

तपासनीस साहेबांना सांग, शेक दिला, आराम वाटला. त्यांच्या मातोश्रींना नमस्कार.

आत्या


११ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुला योग्य वाटेल तसं कर. प्रकृतीला जप.

टिल्लू


१८ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

परवा मंत्र्यांचं भाषण संपलं आणि आम्हाला बाहेर सोडलं. तू रेडिओ ऐकला असशील, नसलाच तर तोफकाकांनी ऐकवला असेल. तेव्हा आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. जे आहे ते सगळं सांगतो. वाचून झाल्यावर रागाव.

पाच तारखेला माझ्यासमोर अनुदानांचं पान आलं. किनारी वाहतुकीच्या ओळीत गेल्या वर्षीच्या रकमेपुढे यंदा आकडा नव्हता, नुसती आडवी रेघ होती. म्हणजे नव्या आर्थिक वर्षापासून तुमच्या बोटीला केंद्राचे पैसे बंद. कारणही शेजारी दिलं होतं. खर्च तपासणी समितीचं म्हणणं असं की दुपारच्या बोटी रिकाम्या धावतात, एका माणसामागे केंद्र भरतं ती रक्कम तिकिटाच्या कितीतरी पट आहे, आणि बोट चालवणं हे प्रांताचं काम, ते केंद्राने का पोसावं? आत्या, त्यात खोटं काही नाही. मी त्या खुर्चीत असतो तर कदाचित मीही तीच रेघ मारली असती, आणि तेच मला जास्त खुपतंय.

बोट कमी झाली तर धक्क्यावर कोण येणार आणि तुझा चहा कोण पिणार? तुझा जन्माचा पैसा शुक्रवारी त्यात जाणार होता. मला सुचेना. अर्थसंकल्पाचा एक शब्दही न लिहिता तुला थांबवता येईल असं वाटलं आणि मी ते गुडघ्याचं पत्र लिहिलं. माझ्या मनाला मी समजावत होतो की मी काही फोडलेलं नाही, भाच्याने आत्याच्या गुडघ्याची काळजी करायची नाही तर कुणी करायची? दोन दिवस झोप आली नाही. मग वरिष्ठांना जाऊन सांगितलं की माझी आत्या त्या बेटावर राहते. त्यांनी मला त्या प्रकरणावरून काढून साबणावरच्या कराचे तक्ते दिले. पण पत्र गेलेलं होतं, ते मी सांगितलं नाही.

तुझं उत्तर वाचून मी मोडून पडलो. फंडाच्या पैशांसाठी मी अडवतोय असं तुला वाटावं! मी लगेच चार पानं लिहिली. तुझा एक छदाम मला नको, फक्त थांब, पाया पडतो, असं सगळं. चाळणीसाहेबांनी ती वाचली आणि मला खोलीत बोलावलं.

‘बसा,’ म्हणाले. ‘गुडघ्याबद्दल माणूस एकदा लिहितो. दुसऱ्यांदा चार पानं लिहितो, तेव्हा दुखणं गुडघ्याचं नसतं. तुमच्या आत्या राहतात कुठे हो?’

त्यांनी पाकीट उलटं केलं आणि पत्ता वाचला. आत्या, या माणसाने आयुष्यभर पत्रांतली ओळ न् ओळ तपासली, पण पाकिटावरचा पत्ता कधी वाचला नव्हता. मजकूर तपासायचा असतो, पत्ता टपालवाला बघतो! त्यांनी ती चार पानं ठेवून घेतली. त्या चार पानांऐवजी एक ओळ लिहायला सांगितलं, ती तुला मिळाली. मग म्हणाले, ‘पहिलं पत्र मी सोडलं. वर शेकही सुचवला. चूक दोघांची आहे. पण आधी तुमची. तेवीस तारखेच्या सोमवारपर्यंत तुम्ही स्वतः वर जाऊन सांगा. नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल, आणि मला ते आवडणार नाही.’

तिथे पहिला प्रश्न एकच विचारतील: आत्याने व्यवहार मोडला का? मोडला असेल तर बातमी फुटली आणि तिचा फायदा झाला, असा सरळ हिशेब. मग माझी नोकरी जाईल आणि खटलाही होईल. साहेबांची निवृत्ती जवळ आली आहे, त्यांनाही झळ लागेल.

आता मला काय वाटतं ते सांगतो. तू सही केलेली नसली तर बरं असं मला वाटतं, म्हणजे तुझे पैसे वाचले. आणि तू सही केलेली असली तर बरं असंही वाटतं, म्हणजे मी वाचलो. हे दुसरं मनात आलं तेव्हा मला माझी किळस आली. तू मला वाढवलंस.

एक आणखी विचारायचं आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. गुडघ्याबद्दल मी पाच वर्षं लिहितोय असं तू म्हणालीस. आत्या, मी पूर्वी कधीच लिहिलं नव्हतं. चहाघरालाही मी आधी हो म्हटलं होतं. तुला विसरायला होतंय का? डॉक्टरांना दाखवू या.

तू सही केलीस का?

तुझा,
टिल्लू


२० फेब्रुवारी

चि. टिल्लू,

अनेक, अनेक आशीर्वाद. आधी डोळे पूस. आता वाच.

केली सही. शुक्रवारी, ठरल्या वेळी, वकिलांच्या टेबलावर, तोफकाकांच्या साक्षीने. म्हणजे सगळ्या बेटाच्या साक्षीने. कागदाची नक्कल सोबत ठेवली आहे, ती सोमवारी घेऊन जा.

माझी स्मरणशक्ती तुझ्याहून बरी आहे. तू विहिरीत बांधून घेतलेला दोर एकच होता, दोन मी साहेबांसाठी लिहिले. पाच वर्षांचं गुडघेपुराणही त्यांच्यासाठीच. अरे वेड्या, ‘घे, डोळे मिटून घे’ म्हणणारा माझा टिल्लू कुलपाआड जातो काय आणि आठवड्याभरात ‘थांब’ म्हणून लिहितो काय! तुझ्या पत्राचं पहिलं पान उलटायच्या आत मला कळलं की बोटीला काहीतरी होणार. तू अर्थसंकल्पाचा एक शब्द लिहिला नाहीस म्हणतोस. तुला मी वाढवलंय. तुझं काय बदललं हे कळायला मला शब्द कशाला लागतात?

पण मला जे कळलं ते साहेबांना कळू नये, म्हणून मी तू पहिल्यापासूनचा रडका आहेस असं लिहिलं. वर पैशांवरून घालून पाडून बोलले, म्हणजे घरगुती भांडण वाटावं. पैशांसाठी तू मला अडवशील असं माझ्या स्वप्नातही येणार नाही. तुला ते खरं वाटलं, याचं मात्र मला वाईट वाटलं. मी इतकं चांगलं खोटं बोलते हे मला ठाऊक नव्हतं.

आता तुला हसू येईल असं सांगते. निदान मला तरी आलं, थोडं रडून झाल्यावर. ते पत्र मी फाडलं म्हणून कळवलं होतं ना? त्यात काय होतं माहीत आहे? शनिवारी सकाळी मी सुताराला घेऊन चहाघराच्या माळ्यावर चढले होते. त्याने एका वाशात स्क्रू ड्रायव्हर खुपसला तो मुठीपर्यंत आत गेला. सगळीकडे वाळवी. तोफकाकांनी गळतं तिथे बादल्या ठेवून वर तपकिरी रंग मारला होता. मी घरी येऊन तुला लिहायला बसले की बाबा रे, मी हा व्यवहार मोडते आहे, सोमवारी तोफकाकांना नाही म्हणून सांगणार. दोन ओळी झाल्या आणि दारात टपाल आलं. तुझं पत्र.

मग मी मोडू कशी? तळघरातून भाच्याचं पत्र येतं आणि त्याच दिवशी आत्या माघार घेते. वाळवी खरी होती, पण ती कुणी खरी मानली असती? तुझं पत्र आलं नसतं तर मी वाचले असते, टिल्लू. तू मला वाचवायला धावलास आणि मला ते चहाघर घ्यावं लागलं.

तुझ्यासाठी घेतलं हे खरं. पण सगळंच तुझ्यासाठी नव्हे, ते पण ऐकून ठेव. त्या आठवड्यात वरच्या आळीतल्या एकाने दुसरी होडी घेतली, बोटीवरचा माल उतरवायला. नर्सने धक्क्याजवळ खोली भाड्याने घेतली, आगाऊ पैसे भरून. त्यांना कोण लिहिणार होतं गुडघ्याबद्दल? त्यांचा भाचा नव्हता तळघरात. ते बुडणार असतील तर मी एकटी कोरडी राहून त्यांना चहा कुठल्या तोंडाने देणार होते? तूच मला सांगितलंस कुलूप कशाला असतं ते. मला ते तेव्हाच पटलं होतं.

म्हणून सोमवारी वर जा. मी सही केली म्हणून तू सुटलास असं धरून चालू नकोस. पत्र तू लिहिलंस, ते चुकलं, ते तू सांगायचंस. सगळं सांग, वाळवीचंही. मी साहेबांच्या डोळ्यांत धूळ फेकली तेही सांग, मी लेखी द्यायला तयार आहे. आणि त्या बिचाऱ्या साहेबांना सांभाळून घे. ज्यांनी माझ्या गुडघ्याला शेक सुचवला त्यांचं वाईट झालेलं मला खपणार नाही.

बोटीचं म्हणशील तर तुझ्या खात्यावर माझा राग नाही. दुपारची बोट रिकामी धावते हे मी खिडकीत बसून सगळी वर्षं बघितलं आहे. दुपारची काढा की! पण सकाळची आणि संध्याकाळची काढून कसं चालेल? केंद्र म्हणतं प्रांताने बघावं, प्रांत म्हणेल केंद्राने बघावं, आणि आम्ही धक्क्यावर उभे राहून दोघांकडे बघू. तसं होऊ द्यायचं नाही असं ठरलं आहे. काल चहाघरात सभा झाली, पहिल्यांदाच सगळी टेबलं भरली. अर्थसंकल्प अजून सभागृहात मंजूर व्हायचा आहे, तोवर आम्ही आमच्या प्रतिनिधीला धरणार आहोत. दोन मास्तर एका टेबलावर बसून अर्ज लिहीत होते. मी भांडणार, उघड्यावर, सगळ्यांच्या बरोबरीने. तू त्यात पडायचं नाहीस. एक शब्दही कळवायचा नाहीस. फार वाटलं तर गप्प बसून माझी आठवण काढ.

पैसे गेले तर गेले. मला अजून हात आहेत, बंब आहे, आणि तू आहेस. यांतलं शेवटचं जाऊ नये एवढंच मला हवं होतं.

सोमवारी नीट कपडे घालून जा, दाढी कर. नोकरी राहिली तर पुढच्या रविवारी ये. गेली तर सोमवारीच संध्याकाळच्या बोटीने ये. छप्पर दोन्ही वेळेला गळतंच आहे.

तुझी,
आत्या